मदत हवी आहे: निवृत्तीनंतर थायलंडला राहायला जावं का?

कर्वेनगरकर६०

नमस्कार मंडळी. माझं वय ६०, सौ. ५७. राज्य सरकारी पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून करपात्र उत्पन्न साधारण ११.५ लाख. कर्वेनगरला स्वतःचा टू बीएचके, कर्ज नाही, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. सौ.ना संधिवात आहे, पुण्याच्या थंडीत सकाळी बोटं मिटत नाहीत. चियांग माई उबदार आणि स्वस्त आहे असं सगळे व्हिडिओ सांगतात, म्हणून फ्लॅट विकून तिकडेच कायमचं राहावं असा विचार चालू आहे. व्हिसासाठी किती पैसे अडकतात? फ्लॅट विकावा की भाड्यानं द्यावा? पेन्शन आणि मेडिक्लेमचं काय? मलेशिया बरं पडेल का? अनुभवापेक्षा नेमकी माहिती हवी आहे.

खडूस_पेठकर

उबदार आणि स्वस्त हवं असेल तर गुहागर आहे की! व्हिसा लागत नाही.

व्हिसावाला

पेठकर, गुहागरला रात्री अकराला हृदयरोगतज्ज्ञ कुठे शोधायचा तेही सांगा.

काका, मलेशिया आधीच बाजूला ठेवा. तिथल्या 'सेकंड होम' योजनेत सिल्व्हर गटालाच दीड लाख डॉलरची ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटचं घर घ्यावं लागतं.

थायलंडमध्ये पन्नाशीपुढच्यांना मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली ओ-ए व्हिसाची. अर्ज भारतातून, आता सगळं ई-व्हिसावर. ८ लाख बाथ शिल्लक किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवायचं. बाथ अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये धरा, म्हणजे शिल्लक वीस-चोवीस लाखांच्या घरात. ही रक्कम भारतातल्या खात्यात असली तरी चालते. सोबत वैद्यकीय दाखला, पोलीस क्लिअरन्स (मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो) आणि ३० लाख बाथचं आरोग्य विमा कव्हर. घोडं अडतं ते विम्यापाशी. साठीपुढे हप्ता चढतो आणि आधीचे आजार वगळले जातात. संधिवात तर नक्कीच वगळतील.

दुसरी नॉन-ओ व्हिसाची. आधी ९० दिवस मिळतात, मग तिथल्या इमिग्रेशनमध्ये वर्षाची मुदतवाढ, फी १,९०० बाथ. इथे विम्याची सक्ती नाही, पण ८ लाख बाथ थाई बँकेतच हवेत आणि अर्जाच्या आधी दोन महिने तिथे पडून असायला हवेत. लोक इथेच फसतात. पहिला महिना हिंडण्यात जातो, खातं उघडेपर्यंत दिवस संपत आलेले असतात आणि दोन महिने भरतच नाहीत. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घरमालकाकडून टीएम३० ची (तुम्ही तिथे राहता अशी त्यानं इमिग्रेशनला दिलेली वर्दी) पावती घ्या, कारण त्याशिवाय बँकही दारात उभी करत नाही. लगेच खातं उघडा आणि तिसऱ्या आठवड्याच्या आत पैसे आणा. तेही परकीय चलनात बाहेरून आल्याची नोंद हवी. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेचं पत्र घ्यायचं आणि खात्यात शंभर बाथ भरून पासबुक छापून घ्यायचं. शेवटची नोंद कालची असली तरी काही खिडक्या परत पाठवतात.

मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने ८ लाखांना हात लावायचा नाही. नंतर ४ लाखांच्या खाली उतरायचं नाही आणि पुढच्या अर्जाआधी दोन महिने पुन्हा ८ लाख. थोडक्यात, हे पैसे तुमचे असून नसल्यासारखेच. शिवाय दर ९० दिवसांनी पत्त्याची वर्दी, आणि देशाबाहेर पडण्याआधी री-एन्ट्री परमिट (एकदाचं १,०००, अनेकदाचं ३,८०० बाथ). मुलीकडे जाताना ते राहिलं तर मुदतवाढ विमानतळावरच रद्द होते.

सौ. तुमच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकतात, त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, मग ठेव एकच पुरते. पैसे मात्र एकट्याच्या नावावर ठेवा, संयुक्त खात्यातला निम्माच हिस्सा धरतात.

आणि चियांग माई का? डिसेंबरात तिथली पहाट पंधरा-सोळा अंशांवर येते आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो. सांध्यांसाठी जायचं तर हुआ हिनसारखं दक्षिणेचं, समुद्रकाठचं गाव बघा.

हिशोबनीस

वरचं सगळं बरोबर, पण तुमचा निर्णय व्हिसावर नाही, 'अनिवासी' (आयकराच्या नजरेत भारतात न राहणारा) या शिक्क्यावर ठरणार आहे.

सध्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. हा रिबेट फक्त निवासींना आहे. अनिवासी झालात की त्याच ११.५ लाखांवर: ४ ते ८ लाखांचे ५% म्हणजे २०,०००, पुढच्या साडेतीन लाखांचे १०% म्हणजे ३५,०००, वर ४% सेस. एकूण ५७,२०० रुपये. बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करावं लागतं, त्यातल्या एफडीच्या व्याजावर बँक ३१.२% कर कापते आणि कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म चालत नाही. जास्तीचं परत मिळतं, पण रिटर्न भरल्यावर. सीनियर सिटिझन स्कीमचं नवं खातंही उघडता येत नाही.

थायलंडच्या बाजूनं, कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-निवासी. २०२४ पासूनचं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर करपात्र. दुहेरी करासाठी करार आहे, पण कागद जमवायचे तुम्हीच.

पैसे पाठवताना: एलआरएसमध्ये (निवासींनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर २०% टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर. २२ लाख एकदम पाठवले तर २.४ लाख रिटर्नपर्यंत अडकले. काही मार्चअखेर आणि उरलेले एप्रिलात पाठवले तर दोन वर्षांच्या दोन मर्यादा वापरता येतात. आणि निवासी राहून थाई खातं ठेवलं तर आयटीआर-१ हा साधा रिटर्न चालत नाही, शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं. ते गाळलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड १० लाख. २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण तुमची ठेव त्याच काठावर आहे.

फ्लॅट विकायचाच तर जाण्याआधी विका. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी माणूस १२.५% किंवा इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) २०% यातलं कमी ते निवडू शकतो, अनिवासीला ती निवड नाही. शिवाय निवासी विक्रेत्याचे ५० लाखांपासून पुढच्या व्यवहारात १% कापतात. अनिवासीचे १२.५% अधिक सेस-अधिभार, तेही बहुधा पूर्ण किमतीवर, कारण नफा किती हे खरेदीदाराला कळत नाही. भाड्यानं दिला तर भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढून टीडीएस कापावा लागतो, आणि ते ऐकून चांगले भाडेकरू पळतात.

माझं मत: काहीच विकू नका. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नॉन-ओच्या ९० दिवसांवर हुआ हिनला भाड्यानं राहा, फेब्रुवारीत परत या. भारतात १८२ दिवस सहज भरतात, म्हणून रिबेट शाबूत. तिकडे १८० होत नाहीत. थंडीही टळते. शिवाय कर्वेनगरला घरभाडं शून्य आहे तुम्हाला. ते सोडून 'स्वस्त' काय शोधताय?

व्हिसावाला

सहमत. मेडिक्लेमही चालू ठेवा, एकदा सोडलात तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. नेहमीच्या पॉलिसी परदेशात चालत नाहीत, त्या तीन महिन्यांसाठी वेगळा प्रवासी विमा घ्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो निघण्याआधीच देऊन टाका. राहिलाच तर जीवन प्रमाण या सरकारी अ‍ॅपवर चेहरा दाखवून तिकडूनही होतो. भारतीय सिमचं रोमिंग इथूनच चालू करून जा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

कर्वेनगरकर६०

हिशोबनीस, हे कोणत्याच व्हिडिओत नव्हतं, आभार. तीन महिन्यांचं पटतंय. एक अडचण: आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही, लग्नपत्रिकाही सापडत नाही. आणि सौ.च्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे.

व्हिसावाला

लग्नाची नोंदणी उशिराही करता येते. तुम्ही राहता त्या भागातल्या महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह निबंधक बसतात. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नातला फोटो, पत्रिका नसल्यास प्रतिज्ञापत्र, आणि तीन साक्षीदार स्वतः हजर. भटजींची माहिती आणि सहीही विचारतात. ते हयात नसतील तर तसं प्रतिज्ञापत्रात आधीच लिहून न्या, नाहीतर दुसरी फेरी. अर्जात सौ.चं लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं लिहा, आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवरून अक्षर न् अक्षर उतरवा. दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच वाचा, दुरुस्ती त्याच दिवशी सोपी जाते. नोव्हेंबरला जायचं असेल तर हे काम गणपतीच्या आधी उरका, साक्षीदार दिवाळीत सापडत नाहीत.