१२ वर्षांची गाडी विकायची आहे : आधी कामं करून घ्यावीत की आहे तशी द्यावी?

सेकंड_गिअर
पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ४ सिलिंडर, मॅन्युअल गिअर, १,३४,००० किमी. रोज चालते, कुठे बंद पडत नाही. विकायची ठरवली आहे. सध्याच्या तक्रारी अशा:

- चढावर चौथ्या गिअरला रेस दिली की आरपीएम चढतो, पण गाडी ओढत नाही. क्लच केबलचा आहे.
- चेक इंजिन लाइट पेटलेला. स्कॅनरवर कोड पी०३०१. सकाळी पहिली काही मिनिटं इंजिन थरथरतं.
- टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरतं.
- एसी चालत्या गाडीत बरा, सिग्नलला थांबलं की गरम हवा.
- खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडून टकटक आवाज.
- हेडलाइट पिवळट, मागच्या बंपरला ओरखडे, उजव्या मागच्या दाराला एक पोचा. रंग निघालेला नाही.

गॅरेजने सगळ्याचा मिळून जो अंदाज दिला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास जातो. त्यात नवा क्लच सेट, एसीत गॅस, दोन्ही लोअर आर्म (चाक धरून ठेवणारे खालचे दांडे), दार आणि बंपरचं पेंटिंग असं सगळं आहे. सगळं करावं, काहीच करू नये, की निवडक? निवडक असेल तर कशाच्या आधारावर निवडायचं?

टॉर्क_पाना
तो अंदाज सध्या बाजूला ठेवा. त्यात बिघाडांची यादी आहे, कारणं नाहीत. तुमच्या सहा तक्रारींपैकी दोन बहुधा एकच आहेत.

टॅपेट कव्हरमधून बाहेर ऑइल येतंय म्हणजे पॅकिंग कडक झालंय. बऱ्याच इंजिनांत स्पार्क प्लगच्या विहिरीभोवतीची सीलं त्याच कव्हरला असतात आणि तीही त्याच वयाची असतात. ती गेली की ऑइल प्लगच्या विहिरीत उतरतं, कॉइलचं (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) रबरी बूट फुगतं, चिरतं, आणि ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता वाटेतच हेडला निसटते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग (त्यात पेट्रोल नीट न पेटणं), आणि ते असंही होऊ शकतं. पहिली कॉइल काढून विहिरीत टॉर्च मारून बघा. ऑइल दिसलं तर प्लग लगेच काढू नका, नाहीतर सगळं ऑइल सिलिंडरमध्ये पडेल. आधी कापडाने किंवा सिरिंजने शोषून घ्या.

मग पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, थंड इंजिन चालू करून थोडी फेरी मारा. कोड पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) झाला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टरकडे वळा.

चारही प्लग निघालेले असतानाच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या. पुढचा सगळा निर्णय यावर आहे, म्हणून ही पायरी गाळू नका. इंजिन गरम, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने पाच-सहा झटके. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. यातलं काही निघालं तर बाकी एकाही कामाला हात लावू नका, गाडी आहे तशी विका. इंजिन उघडायचा खर्च या वयाच्या गाडीत विक्रीतून परत येत नाही.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर कव्हरचं पॅकिंग, प्लगची सीलं आणि चार प्लग बदलून टाका. हे काम स्वस्त आहे, पण घाईत बिघडतं. दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे आणि जुन्या सीलंटशिवाय हवेत. टायमिंग कव्हर आणि हेडचा जोड जिथे येतो त्या कोपऱ्यांवर सीलंटचा छोटा ठिपका, बाकी पॅकिंग कोरडंच. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत. त्यांचा टॉर्क अगदी थोडा असतो, बहुतेक ठिकाणी ८ ते १२ न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. जोर लावून आवळलं की पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि महिन्याभरात पुन्हा पाझर. सोबत पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधल्या वाफा बाहेर सोडणारा) काढून हलवा. साध्या पद्धतीचा असेल तर आतून खुळखुळला पाहिजे. तुंबलेला असेल तर क्रँककेसमधला दाब नवं पॅकिंगही फोडून वाट काढेल.

लाइट पेटलेला ठेवून मात्र विकू नका. पॅकिंग आणि एका कॉइलचा खर्च छोटा, पण पिवळा दिवा बघून घेणारा मनात इंजिनचाच खर्च धरतो आणि तेवढे पैसे कापतो.

जुना_सौदा
वरच्या शेवटच्या मुद्द्यावरच निवड करायची. प्रत्येक कामाला दोन आकडे लिहा: तुम्हाला येणारा खर्च आणि ते न केल्यास घेणारा किती कापेल. दुसरा आकडा मोठा असेल तेवढंच काम करायचं. दुसरा आकडा कुठून आणायचा? तुमच्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या पाच-सहा जाहिराती बघा आणि आजच्या अवस्थेत एखाद-दोन डीलरकडून लेखी भाव घ्या. चांगल्या गाड्यांचा भाव आणि तुमचा ‘आहे तसा’ भाव यातला फरक ही तुमची कमाल मर्यादा. सगळ्या कामांची बेरीज त्याच्या पुढे गेली की सगळं करून विकण्यात काही हाशील नाही.

कोणाला विकणार यानेही उत्तर बदलतं. डीलरला किंवा एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर जवळजवळ काहीच करू नका. त्याला तीच कामं तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतात आणि तो गाडी स्वतःच्या पद्धतीने तयार करूनच पुढे विकतो. तुम्ही बदललेल्या लोअर आर्मचे तो वेगळे पैसे देणार नाही. गाडी वापरायला नेणारा थेट ग्राहक असेल तर त्याला टेस्ट ड्राइव्हमध्ये जे जाणवतं तेच महत्त्वाचं.

पेंटिंग यादीतून काढाच. रंग न तडकलेला पोचा या वयाच्या गाडीत कोणालाही चालतो. तेच दार ताजं रंगवलेलं दिसलं की पहिला प्रश्न ‘ॲक्सिडेंट कुठे झाला?’ जाणकार माणूस सोबत जाडी मोजायचं मीटर आणतो. कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एकच दार त्याच्या दुप्पट दाखवायला लागलं तर तुमचं स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही, आणि पुट्टी असेल तर आकडा त्याहून कितीतरी वर जातो. पोचा फारच खुपत असेल तर रंगाला हात न लावता आतून दाबून काढणाऱ्याकडे न्या. बंपर प्लास्टिकचा, ओरखडे कंपाउंडने जेवढे जातील तेवढे घालवा.

इंजिन पाण्याने धुऊन चकाचक करू नका. गळती लपवल्यासारखं दिसतं, आणि कॉइलच्या विहिरीत पाणी गेलं तर नवं मिसिंग. ओल्या कापडाने पुसा, बस्स.

रिले_स्वॅप
एसीबद्दल. चालत्या गाडीत गार आणि थांबल्यावर गरम, हे पहिल्यांदा फॅनचं लक्षण. वेगात कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) वारा आपोआप मिळतो, थांबलं की फॅनशिवाय मिळत नाही. गॅरेजने न बघता गॅस लिहिला आहे.

इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडा. थोड्याच वेळात पुढचा फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग फॅनचा रिले शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी बदलून बघा, मग फॅनच्या कनेक्टरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. थेट देऊनही हलत नसेल तर मोटर गेली. हात आणि बाही लांब ठेवा, हा फॅन इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. फॅन फिरत असेल तर कंडेन्सरच्या पाकळ्यांत माती बसली आहे का बघा. साध्या नळाच्या हलक्या धारेने इंजिनच्या बाजूकडून बाहेर धुवा, प्रेशर वॉशरने पाकळ्या वाकतात.

याला एसीपुरतं समजू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत हाच एक फॅन रेडिएटरलाही असतो. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो का, हेही बघा.

गॅस खरंच कमी निघाला तर कुठून गेला ते शोधल्याशिवाय भरू नका. बंद सर्किट आहे, गॅस ‘वापरला’ जात नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढा वजन करूनच भरायचा.

टॉर्क_पाना
टकटक आवाजाबद्दल एवढंच: लोअर आर्मच्या आधी स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) लिंक रॉड बघा. खड्ड्यातला छोटा, कोरडा आवाज बहुतेकदा तोच करतो. चाकं जमिनीवर असताना रॉड हाताने झटका देऊन हलवा, सांध्यात खेळ लगेच कळतो. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) खरंच फाटलेले असतील तर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लटकत्या चाकावर आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट.

सेकंड_गिअर
बघून झालं. पहिल्या विहिरीत बोटभर ऑइल. कॉइल तिसऱ्यावर टाकली, कोड पी०३०३ झाला. कॉम्प्रेशन चारही जवळजवळ सारखं, सगळ्यात कमी आणि जास्त यात ८ टक्के फरक. फॅनचा रिले बदलल्यावर फॅन फिरला, थांबल्या गाडीत एसी गार. डावा लिंक रॉड सैल, बुश ठीक. म्हणजे उरला क्लच. सगळ्यात मोठा खर्च तोच.

बेल_हाउसिंग
क्लच करायचा ठरवण्याआधी पेडलचा फ्री प्ले मोजा. पेडल बोटाने दाबत जा, जिथे खरा जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर. केबलच्या क्लचला साधारण १० ते ३० मि.मी. असतं. प्लेट झिजत जाते तसा हा प्ले कमी होतो, आणि शून्य झाला की रिलीज बेअरिंग कायम प्रेशर प्लेटला रेटत राहतं. म्हणजे तुम्ही पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला. प्ले शून्य असेल तर केबलचा नट फिरवून प्ले द्या आणि पुन्हा चढावर बघा. स्वतःहून ॲडजस्ट होणारी केबल असेल तर ही सोय नाही.

प्ले बरोबर असून स्लिप होत असेल तर गाडीखाली जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड बघा. तिथून ऑइल गळत असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय आणि ऑइल प्लेटवर पोचलंय. नुसती प्लेट बदलून ते परत होणार.

माझं मत: थेट ग्राहकाला विकणार असाल तर क्लच करा. मिसिंग आणि टकटक सांगून खपते, पण चढावर न ओढणारी गाडी माणूस टेस्ट ड्राइव्हनंतर भाव न करताच परत देतो. करायचा तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची आहे, सुट्या भागाची नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का, ते गिअरबॉक्स खाली असतानाच बघून घ्या.

जुना_सौदा
इथे मी सहमत नाही. या वयात गिअरबॉक्स उतरला की मागचं सील, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टची सीलं असं एकेक निघत जातं. खर्चाचा वरचा आकडा आधी कळत नाही, आणि भावात मिळणारी वाढ मात्र ठरलेली. त्याऐवजी तीन भागांचा आणि मजुरीचा लेखी अंदाज घ्या, जाहिरातीत ‘क्लच बदलायला आला आहे’ असं स्पष्ट लिहा आणि तेवढी रक्कम भावातून आधीच कमी करा. घेणारा त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेईल.

बेल_हाउसिंग
जोडाला ऑइल नसेल तर खर्चाची मर्यादा माहीत आहे, तेव्हा करावा. ऑइल असेल तर तुमचं बरोबर, अंदाज जोडून विकावी. कोरडा की ओला, यावर सोडूया.

सेकंड_गिअर
फ्री प्ले २० मि.मी., जोड कोरडा. थेट ग्राहकालाच विकणार, क्लच करून घेतो. शेवटचं एक: कॉइल बदलून कोड पुसल्यावर लगेच गाडी दाखवायला चालेल का?

टॉर्क_पाना
लगेच नको. कोड पुसला की ईसीयूच्या (इंजिन चालवणारा संगणक) स्वयंतपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, अपूर्ण होतात. स्कॅनर लावणाऱ्याला ते दिसतं. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही बऱ्याच गाड्यांत दिसतं, आणि दोन आकडी किलोमीटर बघून तो लपवाछपवीच समजेल. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग १०-१५ मिनिटं एकसारख्या ७०-८० च्या वेगाने, मग रेस सोडून गाडी गिअरमध्ये हळू होऊ द्या, मग थांबत-निघत शहरात. टाकी पाव ते पाऊण दरम्यान ठेवा, इंधनाच्या वाफेची तपासणी पूर्ण भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर होत नाही. असं काही दिवस करा.

यात बघायचं ते कॅटॅलिस्टचं मॉनिटर. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि त्याला भाजून काढतं. मॉनिटर पूर्ण झालं आणि पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला नाही तर कन्व्हर्टर वाचला. म्हणून कॉइलचं काम आधी करा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या, आणि क्लचला त्यानंतरच हात लावा. पी०४२० आला तर कन्व्हर्टर आणि क्लच दोन्ही न करता लेखी सांगून विकणंच परवडेल. तोवर रात्री हेडलाइट करून घ्या: १०००, २०००, ३००० नंबरचे पाणकागद ओले करून त्याच क्रमाने, मग कंपाउंड, आणि वर अतिनील किरण अडवणारं कोटिंग. ते कोटिंग राहिलं तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी.