शिंपल्यांचं जुनं झुंबर, खरं की प्लॅस्टिकचं?

पातळ चकत्यांचं झुंबर घेतलंय, विकणारा म्हणाला डॅनिश डिझायनर पॅन्टनचं 'फन' नावाचं झुंबर आहे. चकत्या खऱ्या शिंपल्याच्या आहेत का कसं कळणार? आणि डागांना व्हिनेगर चालेल का?

उत्तर: व्हिनेगर अजिबात नको!! शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने विरघळतो नि चमक कायमची जाते. ओलसर मऊ फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा, नाहीतर कड्या गंजतात.

उत्तर: चकती गालाला लावून बघा, खरी गार लागते, उजेडात धरली की आत बारीक थर नि रेघा दिसतात आणि एकीसारखी दुसरी नसते. हलवल्यावरची किणकिण तर काय सुंदर!

उत्तर: व्हर्नर पॅन्टनने 'फन' १९६४ मध्ये केलं, पण अशा पातळ, अर्धपारदर्शक कॅपिझ शिंपल्यांचे दिवे इतरांनीही काढलेत, नुसत्या दिसण्यावर पैसे मोजू नका.