मदत हवी आहे: पंप बंद केला की ईएसपी३२ रिसेट होतो

आगरवाला_गुहागर: विहिरीवरचा पंप ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वरून चालवतोय. चालू नीट होतो, बंद करताना मधूनच बोर्ड रिसेट. टेबलावर सगळं व्यवस्थित चालतं. कोडमध्ये काही नाही, तपासलाय. सुपारीचं शिंपणं अडलंय, लवकर सांगा.

सोल्डरगन: पंप किती एचपी? रिले थेट मोटर तोडतो की मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा रिले) आहे? सप्लाय कुठला? रिसेटनंतर सीरियलवर कारण काय येतं?

झटपट: ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की बोर्ड रिसेट करणारा) कोडमधून बंद करा. एका ओळीचं काम.

सोल्डरगन: आणि मग कमी व्होल्टेजवर बोर्ड भरकटला, फ्लॅशमध्ये कचरा लिहिला गेला की? आधी कारण कळू दे.

आगरवाला_गुहागर: दीड एचपी, सिंगल फेज. रिले मॉड्यूल, पुढे २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर. मोबाइलचा चार्जर. ब्राउनआउट नाही, पॉवरऑन रिसेट येतं. टाकीच्या फ्लोटची (पाण्याची पातळी सांगणारा स्विच) वायर ३० मीटर आहे, मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात. पण त्याचा काय संबंध?

खारा_वारा: कॉइलवर १एन४००७ डायोड टाका.

सोल्डरगन: एसी कॉइलवर डायोड? अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट! तो डीसी रिलेला लागतो, मॉड्यूलवर असतोच.

आगरवाले, संबंध आहे. कॉइलचा करंट तुटताना उसळणारा झटका त्या लांब वायरवर चढतो, तिथून बोर्डात येतो आणि ईएन पिन (बोर्ड चालू ठेवणारी) क्षणभर खाली ओढली जाते. म्हणून पॉवरऑन रिसेट. कॉन्टॅक्टरच्या ए१-ए२ वर (कॉइलची टोकं) स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावा: १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (थेट मेन्सवर चालणारा) कपॅसिटर, सिरीजमध्ये. रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको, तिथून बंद असतानाही ७ मिलिअँप गळतात आणि छोटा कॉन्टॅक्टर गुणगुणत राहतो. ईएनला १० के पुलअप (पिन ३.३ व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर), आणि ईएन ते बोर्डाचा ग्राउंड १ मायक्रोफॅरड कपॅसिटर. फ्लोटची वायर वेगळ्या पाइपातून न्या. ती कुठल्या पिनवर आहे?

आगरवाला_गुहागर: ३४. इनपुट पुलअप दिलाय.

सोल्डरगन: ३४ ते ३९ ला आतला पुलअप नसतोच. ती पिन हवेत लोंबकळतेय. ३.३ व्होल्टला बाहेरून ४.७ के जोडा.

खारा_वारा: बोर्डाला कोटिंगही करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, तांबं हिरवं पडतं. ॲक्रिलिक स्प्रे मारा, कनेक्टर झाकून.

झटपट: सोलर पंपच का नाही बसवत?

आगरवाला_गुहागर: एक्स२ इथे कुठे मिळणार?

सोल्डरगन: कॉम्प्युटरच्या बंद पडलेल्या पॉवर सप्लायच्या इनपुटला असतो, चौकोनी. त्यावर ०.१ आणि एक्स२ छापलंय ना बघा. काढण्याआधी मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करा.