'वळणदार' की 'लफ्फेदार'?

अमळनेर : भाचीच्या लग्नाची पत्रिका टाकायला गेलो. डीटीपीवाला म्हणे, "वधूवरांची नावं स्क्रिप्टमध्ये घेऊ." मी म्हटलं, भाऊ, लिपी आपली मराठीच राहू दे! त्याला म्हणायचं होतं हातानं लिहिल्यासारखं, तिरकं, एकात एक गुंफलेलं अक्षर. याला मराठी शब्द काय? मला 'वळणदार' सुचला.

जळगाव : नाही पटत, दादा. वळण म्हणजे कित्ता गिरवून बसलेली ठेवण. फळ्यावर एकेक अक्षर सुटं, टपोरं काढणाऱ्या आमच्या बाईंचं अक्षरही वळणदारच होतं, त्यात गुंफण कुठली? (माझ्या वाट्याला आजीचं "तुनं अक्षर म्हन्जे कोंबडीना पाय!")

धुळे : शिवाय मोडी लिपीत 'वळण' हा शैलीचा शब्द आहे : चिटणिशी वळण, बिवलकरी वळण. इथल्या राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी कागद पाहिलेत. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची, मग बोरू होता होईल तो न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायचं. या गुंफणीला मी 'लपेटी' म्हणेन. लपेटीचं अक्षर.

भुसावळ : माझा छपाईचा धंदा, म्हणून थोडं लांबवतो. लपेटी ही जोडणी झाली. शेवटी जो फराटा ओढतात तो लफ्फा. सही लफ्फेदार असते ती त्यामुळे. एडवर्डियन स्क्रिप्टसारख्या इंग्रजी फॉन्टात अक्षरं खालच्या शेपटीनं पुढच्याला धरतात आणि सगळा डौल पहिल्या कॅपिटलमध्ये. अख्खं नाव कॅपिटलमध्ये टाकलं की नुसता गुंता, तरी गिऱ्हाईक तेच मागतं. आपली अक्षरं शिरोरेघेनं वरूनच जोडलेली आणि कॅपिटल नाहीतच. मग लफ्फा जातो वेलांटीत, उकारात, रफारात. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, म्हणून ओळींत जागा जास्त सोडावी लागते.

हा फॉन्ट नावांपुरता, फार तर दुकानाच्या पाटीला. मुहूर्त, पत्ता साध्या अक्षरात. एकदा मी हौसेनं तारीखही त्यातच घेतली. ११ चे १९ वाचून एक पाहुणे आठ दिवसांनी आहेर घेऊन आले.

जळगाव : मग लपेटी आणि लफ्फा दोन्ही असेल तर?

भुसावळ : 'लफ्फेदार' म्हणा. लपेटी नसलेल्या अक्षराला लफ्फा शोभतच नाही, ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

अमळनेर : पत्रिका छापून आल्या. दुकानात जाऊन 'लफ्फेदार' म्हटलं, पोराला बरोबर कळलं. भाची खूश आहे. भाऊजी मात्र सकाळपासून चष्मा पुसून पुसून विचारताहेत, हे 'चि. सौ. कां.' आहे की 'चि. सौ. फां.'?