लायबेरियातील युद्ध स्त्रियांनी थांबवले, असे म्हणणे कितपत योग्य?

ओवी (प्रश्न)
२००३ साली लायबेरियातील यादवी संपली, तिचे श्रेय अनेकदा शांतता कार्यकर्त्या लेमा ग्बोवी आणि पांढरे कपडे घालून रस्त्याकडेला बसलेल्या स्त्रियांना दिले जाते. परंतु त्याच काळात ‘लर्ड’ या बंडखोर गटाने राजधानी मन्रोव्हियावर हल्ले चढवले होते, आणि ४ जून रोजी, म्हणजे घानामध्ये वाटाघाटी सुरू झाल्या त्याच दिवशी, सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्यावरील आरोपपत्र जाहीर केले होते. मग स्त्रियांचा वाटा नेमका कोणता मानावा? आमच्या अभ्यासगटात यावर मांडणी करायची आहे, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा
टेलर यांनी ११ ऑगस्टला पद सोडून नायजेरिया गाठले, ते मुख्यतः लष्करी आणि आंतरराष्ट्रीय दबावामुळे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. स्त्रियांचे काम वेगळे होते: एकमेकांशी बोलायलाही तयार नसलेल्या दोन्ही बाजूंना चर्चेला बसवणे आणि त्यांना तिथून उठू न देणे.

त्यामागे शिस्तबद्ध बांधणी होती. ग्बोवी चर्चमधील स्त्रियांना एकत्र करत होत्या, तर पोलीस अधिकारी असलेल्या असाटू बाह केनेथ यांनी मुस्लिम स्त्रियांना सोबत आणले. युद्धात धर्म आणि जमात यांच्या नावाने माणसे मारली जात असताना हे एकत्र येणे सोपे नव्हते. मन्रोव्हियाच्या सिंकोर भागातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात त्या उन्हापावसात बसत, कारण टेलर यांचा ताफा त्याच रस्त्याने जाई. २३ एप्रिलला टेलर यांनी त्यांना भेटीला बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले, त्यानंतर स्त्रियांच्या प्रतिनिधी बंडखोर नेत्यांना भेटण्यासाठी सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनलाही गेल्या. मागण्या अगदी मोजक्या होत्या: तत्काळ युद्धबंदी, वाटाघाटी आणि शांतिसेना. कोणाची सत्ता यावी, याबद्दल त्यांनी मुद्दाम मौन पाळले, आणि माझ्या मते त्यांचे खरे बळ तिथेच होते.

जुलैमध्ये मन्रोव्हियावर तोफगोळे पडत असताना वाटाघाटींसाठी घानाची राजधानी अक्रामध्ये जमलेली सरदार मंडळी मात्र मंत्रिपदांच्या वाटपावर घोळ घालत होती. तेव्हा तिथे पोहोचलेल्या या स्त्रियांनी वाटाघाटींच्या सभागृहाची दारे अडवली. अटक करायला रक्षक आले, तेव्हा ग्बोवी यांनी स्वतःची वस्त्रे उतरवण्याचा इशारा दिला; आईच्या वयाच्या स्त्रीने असे करणे म्हणजे पाहणाऱ्याला शाप, अशी तिथली समजूत आहे. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर बाहेर आले, त्यांनी स्त्रियांचे म्हणणे ऐकले आणि चर्चेचा सूर बदलला. १८ ऑगस्टला करार झाला.

नदीकाठ
वरील उत्तर उत्तम आहे. फक्त सारा भर सभागृहाच्या दाराशी घडलेल्या प्रसंगावर राहू नये, असे मला वाटते. बाहेर धरणे चालू असताना गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांतील स्त्रियांनी २००० साली स्थापन केलेल्या मानो नदी शांतता जाळ्याच्या प्रतिनिधी आत होत्या, आणि त्यांनी करारावर साक्षीदार म्हणून सहीही केली.

करारानंतरचे काम तर याहून अधिक चिकाटीचे होते. डिसेंबर २००३ मध्ये शिफेलिन छावणीतील शस्त्रसमर्पण इतके विस्कळीत झाले की ते स्थगित करावे लागले. पुढे स्त्रियांनी लढवय्या मुलांशी बोलून त्यांना शस्त्रे खाली ठेवायला राजी करण्याचे काम केले. २००५ च्या निवडणुकीपूर्वी स्त्रियांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून त्या बाजारांत फिरल्या. एलेन जॉन्सन सर्लीफ अध्यक्षपदी निवडून आल्या, त्यामागे हीही मेहनत आहे. जानेवारी २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तिथे गेली, ती २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत राहिली, याचीही मांडणीत नोंद घ्यावी.

ओवी
दोघांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे: एवढ्या संघटनशक्तीनंतर तिथल्या स्त्रियांना हक्क मिळाले का?

सह्यकडा
काही मिळाले. महिला वकिलांच्या संघटनेच्या पाठपुराव्यामुळे बलात्काराविरुद्धचा कायदा कडक झाला आणि अशा खटल्यांसाठी विशेष न्यायालयही स्थापन झाले. मात्र संसदेतील स्त्रियांच्या आरक्षणाचे प्रयत्न वारंवार अडले, आणि २०२३ च्या निवडणुकीतही प्रतिनिधीगृहाच्या ७३ जागांपैकी दहापेक्षा कमी जागा स्त्रियांना मिळाल्या. मैदानात बसलेल्या स्त्रियांच्या जोरावर करार झाला, पण त्यातून उभ्या राहिलेल्या हंगामी सरकारमधील बहुतेक खाती लढणाऱ्या गटांना आणि पक्षांना गेली. आपल्या मांडणीत हा मुद्दा मी सर्वात वर ठेवला असता.