रविवारचा राजगड: गुंजवणे की पाली?

(सोसायटीच्या राजगड सहलीच्या सूचनेवर रहिवाशांची ही चर्चा. नावांच्या जागी सदनिकांचे क्रमांक आहेत. गुंजवणे आणि पाली ही गडाच्या पायथ्याची गावे, माची म्हणजे गडाची तटबंदी असलेली सोंड, आणि नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक.)

ए-२०३: सचिवसाहेब, सूचनेत ‘सुवेळा माची व नेढे, सर्वांसाठी’ असे लिहिले आहे. मागच्या खेपेस हेच वाचून आमच्या सासूबाई आल्या होत्या. गुंजवण्याच्या वाटेवर चोर दरवाजाखालच्या कातळावर लोखंडी गज धरून त्या ताटकळत उभ्या असताना आपली तरुण मंडळी पद्मावती माचीवरून फोटो टाकत होती, हे कोणी विसरले नसावे.

सचिव: वहिनी, त्याबद्दल खेद तेव्हाच व्यक्त केला आहे. ‘सर्वांसाठी’ म्हणजे नावनोंदणी सर्वांना खुली आहे, इतकेच.

बी-४०१: म्हणजे नोंदणी सर्वांची आणि चढण मोजक्यांची. उत्तम.

सी-१०४: माझे मत असे, की पाली दरवाजाने जावे. तेथे पायऱ्या आहेत.

ए-५०२: काका, पालीची वाट रुंद आहे आणि राजमार्ग तोच, हे मान्य. गुंजवण्याहून चोर दरवाजाने येणारी वाट मात्र शेवटच्या टप्प्यात उभी आणि अरुंद असल्याने तिथे माणसे खोळंबतात. पण खरा प्रश्न माचीवर पोहोचल्यानंतरचा आहे. बालेकिल्ल्याला डावीकडून वळसा घालून सुवेळा माचीकडे जाताना डोंगराची धार चिंचोळी होत जाते, आणि नेढ्यापर्यंत चढताना पायाखाली सुटी माती व घसरडा मुरूम येतो. वारा सुटला की टोपीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागते, आणि हात तर कातळासाठी मोकळे हवेत.

बी-३०१: एवढे वर्णन वाचून नोंदणी रद्द करायची असल्यास पैसे परत मिळतील काय?

खजिनदार: बसचे आगाऊ पैसे दिले आहेत. आपण दर वर्षी आदल्या रात्रीच हे विचारता, म्हणून या वेळी नियम आधीच कळवला होता.

सी-१०४: पाली दरवाजाने जावे. पायऱ्या आहेत.

ए-२०३: नेढ्याच्या आसपासच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, याचा सूचनेत उल्लेखही नाही. अत्तर, डिओ आणि विड्या-सिगारेटी घरीच ठेवाव्यात. मागच्या वेळी कोणाच्या अंगाला परफ्युमचा घमघमाट होता, हे मी नाव न घेता सांगते.

बी-४०१: वहिनी, नाव न घेताही मजल्यासकट कळले. मी अंघोळ करून आलो होतो, एवढाच माझा गुन्हा.

ए-५०२: थट्टा बाजूला ठेवू या. मोहोळ उठले तर त्या धारेवर पळायला जागा नसते, म्हणून तिथे आरडाओरडा आणि शिट्ट्या नकोत. नेढ्यात बसून दोन्ही बाजूंची दरी दिसते. ज्यांना तेथवर जमणार नाही, त्यांनी पद्मावती माचीवर थांबावे, त्यात कमीपणा काही नाही. तिथे तलाव, देवीचे मंदिर आणि सईबाईंची समाधी आहे. सकाळ त्यात सहज जाते.

सी-१०४: मीही हेच म्हणत होतो. पालीने जावे.

सचिव: काका, आपला मुद्दा पोहोचला आहे. बस नसरापूर फाट्यावरून मार्गासनीला येईल. तेथून गुंजवण्याऐवजी वाजेघरमार्गे पाली गावाकडे जाऊ, म्हणजे वहिनींचाही आक्षेप उरणार नाही.

ए-२०३: आक्षेप नव्हता, काळजी होती. फरक आहे.

खजिनदार: जेवणासाठी थर्माकोलच्या थाळ्या मागवू का?

ए-५०२: अजिबात नको. जुलै २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली आणि आपण तिथे थाळ्या टाकून यायचे? पिठलं-भाकरी डब्यात आणावी, कचरा आपापल्या पिशवीत खाली आणावा. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि ऊन चढण्याआधी माचीवर पोहोचण्याची तयारी हवी.

बी-३०१: तीन लिटर पाणी कोण वाहणार?

बी-४०१: पिणाराच.

सचिव: चर्चेबद्दल आभार. बस पहाटे साडेचारला मुख्य फाटकातून सुटेल. सुवेळ्याला जाणाऱ्यांनी आपली नावे आज रात्री नऊपर्यंत ए-५०२ यांना कळवावीत. तेथे किती जणांना न्यायचे, हे तेच ठरवतील आणि त्यावर मतदान होणार नाही.

सी-१०४: पालीनेच ना?