मदत हवी आहे: ड्रायव्हरची सीट डुगडुगते, घरच्या घरी घट्ट करता येईल का?

कोलशेतकर

नमस्कार. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, रोजचा रस्ता घोडबंदर. गणपतीनंतर सीटा काढून आतली साफसफाई करून घेतली, तेव्हापासून ड्रायव्हरची सीट डुगडुगते. ब्रेक मारला की सूतभर पुढे जाते आणि 'टक' वाजतं, क्लच दाबला की परत मागे. सरळही सरकत नाही, थोडी तिरकी होते. खड्ड्यांत बारीक खडखड आहे ती वेगळीच. उंची कमी-जास्त करायची सोय नाही, सीटमध्ये एअरबॅग नाही, पण बेल्टच्या बकलला खालून एक वायर येते.

एका गॅरेजमध्ये म्हणाले रेल (सीट जिच्यावर सरकते ती लोखंडी पट्टी) झिजली आहे, वेल्डिंगचे दोन टाके मारतो, नाहीतर सीटच्या पायाखाली वॉशर घालून आवळतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायची तयारी आहे. अर्धा इंची गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आहे, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) नाही. सुरुवात कुठून करू? आणि ते वेल्डिंग करून घ्यावं का?

पाना_चौदा

वेल्डिंग नको, वॉशरही नको. बेल्टचं बकल सीटच्या सांगाड्याला बसवलेलं असतं. टक्कर झाली तर बेल्टवरच्या ओढीचा मोठा भाग रेलमधून आणि पायांच्या चार बोल्टांमधून फ्लोअरवर उतरतो. ७० किलोचा माणूस २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) मंदनाने थांबला तर ती ओढ १,४०० किलो वजनाएवढी होते. टाका मारला की त्याच्या आजूबाजूचं पोलाद तापून मूळची ताकद गमावतं, आणि ते बाहेरून पाहून कळत नाही. वॉशरने एक पाय उचलला जातो, दोन्ही रेल एका पातळीत राहत नाहीत, मग सीट सरकताना अडकते आणि खटका (रेलच्या खाचेत दात पाडून सीट जागेवर धरणारा भाग) धड बसत नाही.

पाना लावण्याआधी बोट लावा. सीट मधल्या खाचेत ठेवा. एकाला बाहेर उभं करून सीटची बैठक (पाठ नव्हे) दोन्ही हातांनी पुढे-मागे जोरात हलवायला सांगा. तुम्ही प्रत्येक जोडावर बोट असं टेकवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर राहील. डोळ्याला न दिसणारं अर्ध्या मिलीमीटरचं हलणंही बोटाला लगेच कळतं.

जोड चार प्रकारचे. रेलचा पाय आणि फ्लोअर यांच्यामध्ये हलत असेल तर बोल्ट ढिला आहे, त्याचे आटे गेले आहेत किंवा फ्लोअरचा पत्रा फाटला आहे. खालची रेल स्थिर आणि वरची हलते, तर खटका किंवा रेलमधले गोळे, प्लास्टिकच्या पट्ट्या. वरची रेल आणि सीटचा सांगाडा यांच्यात हललं तर तिथले नट. बैठक गप्प आणि फक्त पाठ हलते, तर रिक्लायनर (पाठ कलती करणारा सांधा). चारही ठिकाणं डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी तपासा.

तुमच्या वर्णनातलं 'तिरकी होते' हे महत्त्वाचं आहे. दोन्ही बाजूंचे खटके बसलेले असतील तर सीट सहसा तिरकी होत नाही. एक बाजू धरलेली आहे आणि दुसरी मोकळी, असा माझा अंदाज. सीट काढून परत बसवल्यावर हे हमखास होतं. मोबाइलचा टॉर्च लावून सीट सरकवायचा खालचा दांडा उचला, सोडा, आणि दोन्ही बाजूंचे दात खाचेत पडतात का ते बघा.

नेरुळ_पूर्व

बघून झाल्यावर सीट काढायची वेळ आली तर आधी हे वाचा. बकलची वायर कदाचित फक्त 'बेल्ट लावा' या दिव्याची असेल, पण काही गाड्यांत बकलमध्येच बेल्ट ओढून धरणारा स्फोटक भाग असतो. सीटखालचा कनेक्टर पिवळा असेल तर तो एअरबॅगच्याच सर्किटचा समजा.

किल्ली बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० च्या पान्याने सोडा, पाच मिनिटं थांबा, मग कनेक्टरचं कुलूप दाबून काढा. वायर धरून ओढू नका. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावू नका. कनेक्टर सुटा असताना 'बघू तरी' म्हणून किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. म्हणून सीट पुढे-मागे सरकवून हवे ते बोल्ट आधी मोकळे करून घ्या, म्हणजे नंतर अडणार नाही.

कोलशेतकर

दोघांचे आभार. सकाळी तपासलं. दाराकडचा खटका पूर्ण बसतो. हँडब्रेककडचा अर्धवट राहतो, दात खाचेच्या कडेवर टेकलेला दिसतो. शिवाय दाराकडच्या मागच्या पायापाशी बोटाला हलणं जाणवलं. तो बोल्ट १४ च्या गोटीने जवळजवळ पाऊण वळण फिरला. बाकीचे तीन घट्ट. त्या पायाखालून कार्पेटची कड बाहेर डोकावते आहे.

पाना_चौदा

म्हणजे दोन दोष आहेत आणि दोन्ही बसवतानाचे. रेल झिजलेली नाही.

कार्पेटचं आधी. पायाखाली पत्र्याला पत्रा लागला पाहिजे. मध्ये कार्पेट किंवा फोम अडकला तर आवळताना बोल्ट घट्ट लागतो, पण गाडी चालते तसा तो मऊ थर दबत जातो आणि बोल्टचा ताण निघून जातो. असा बोल्ट दर महिन्याला आवळला तरी ढिला होणारच. ती कड काढल्याशिवाय उपाय नाही, आणि त्यासाठी सीट उचलावीच लागेल.

आता खटका. दांडा एका बाजूच्या खटक्याला थेट उचलतो आणि दुसऱ्याला आडव्या सळईने किंवा केबलने. सीट बाहेर असताना कोणी दांडा धरून ती उचलली की दोन्ही रेल मोकळ्या होतात आणि एक रेल दुसरीपेक्षा पुढे-मागे सरकते. तशीच दामटून बोल्ट मारले की एका बाजूचा दात बरोबर खाचेवर येतो, दुसऱ्या बाजूचा दोन खाचांच्या मधल्या भिंतीवर. तुम्हाला दिसलं ते हेच.

असं करा. हेडरेस्ट काढा. सीट पूर्ण मागे नेऊन पुढचे दोन बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे नेऊन मागचे दोन. बोल्ट कुठून कुठला निघाला ते कागदावर मांडून ठेवा, पुढच्या-मागच्यांची लांबी काही गाड्यांत वेगळी असते. सीट साधारण १५ किलोची असते. वजनापेक्षा तिचा आकार त्रास देतो, म्हणून दोघं लागा. दाराच्या उंबऱ्यावर जुनी चादर टाका, नाहीतर रेलच्या टोकाने रंग खरवडतो. उचलताना बैठक आणि पाठ धरा, दांड्याला हात लावू नका.

सीट चादरीवर उताणी ठेवा. दांडा ओढून धरा, दोन्ही खालच्या रेल एकाच टोकाला पूर्ण अडेपर्यंत सरकवा, दांडा सोडा, आणि दोन्ही रेल हाताने थोड्या हलवा. दोन्हीकडे 'कट' ऐकू आलं पाहिजे. मग टेपने मोजा: खालच्या रेलच्या टोकापासून वरच्या रेलच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. एक खाच साधारण एक सेंटीमीटरची असते, त्यामुळे चूक मापात लगेच दिसते. माप जुळूनही हँडब्रेककडचा दात अर्धाच पडत असेल तर तिकडची सळई वाकली आहे किंवा केबल ताणून बसली आहे. सळई हाताने थोडी सरळ होते. केबल मात्र बदलावी.

उताणी आहे तोवर रेलमधला कचरा काढून घ्या. नाणी, शेंगदाण्याची फोलपटं, चप्पलांबरोबर आलेली पावसाळ्यातली माती आणि जुनं ग्रीस मिळून तिथे काळा लगदा होतो. व्हॅक्यूम, जुना टूथब्रश, कोरडं फडकं. डब्ल्यूडी-४० मारून सोडून देऊ नका, त्याने आतलं ग्रीस धुतलं जातं. गोळे धावतात त्या पन्हाळीत पांढरं लिथियम ग्रीस मटाराच्या दाण्याएवढं चार ठिकाणी पुरतं. खटक्याच्या दातांवर थापू नका, तिथे धूळ चिकटली की दात पुन्हा अर्धाच पडेल.

तुर्भे_फिटर

बोल्टांबद्दल सांगतो. डोकं १४ चं आहे म्हणजे बहुतेक एम१० (१० मिलीमीटर जाडीचा), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिलीमीटर. बाजारात एम१० चा सर्रास मिळणारा बोल्ट १.५ पिचचा असतो. तो दोन आटे जातो, मग जड लागतो, आणि जोर केला की फ्लोअरच्या नटाचे आटे खाऊन टाकतो. जुना बोल्ट हातात घेऊन जुळवा; डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघा, ८.८ पेक्षा कमीचा लावू नका. खरं तर कंपनीचाच बोल्ट घ्यावा, किंमत फार नसते.

आटे वायरब्रशने साफ करा, ऑइल-ग्रीस लावू नका. ओल्या आट्यांवर तोच टॉर्क दिला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर निळं लॉकटाइट २४३ (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) चे एक-दोन थेंब चालतील. लाल २७१ नको, पुढच्या वेळी बोल्टऐवजी नटाचं वेल्डिंग तुटेल. फ्लोअरखाली तो नट वेल्ड केलेला असतो. तो सुटला की बोल्ट नुसता गरगर फिरतो, आवळतही नाही आणि निघतही नाही. तसं झालं तर घरचं काम तिथे थांबवा. कार्पेट उचलून, वायरिंग बाजूला करून नवा नट नीट वेल्ड करून घ्यावा लागतो. फ्लोअरच्या नटाचं वेल्डिंग आणि रेलवर मारलेला टाका यांत गल्लत करू नका.

आणि बकलचा बोल्ट उगाच खोलू नका. तो बहुतेक गाड्यांत मेट्रिक नसतोच, सात-सोळांश इंचाचा असतो, इंचाला २० आटे. त्या जागी एम१० घातला तर तो आत लुळा बसतो.

कोलशेतकर

टॉर्क रेंच नाही, मग किती आवळायचं? आणि बोल्ट लावायचा क्रम काय?

तुर्भे_फिटर

नक्की आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. या मापाच्या सीट-बोल्टांना साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटर असतो. समजा ४० आहे. बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या. रॅचेटच्या (गोटी फिरवायच्या हँडलच्या) दांड्यावर गोटीच्या मध्यापासून २५ सेंटीमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवा आणि दांड्याशी काटकोनात सावकाश ओढा. काटा १६ किलो दाखवेल तेव्हा ४० न्यूटन मीटर झाले. एक्स्टेन्शन रॉड उभा लावल्याने हिशेब बदलत नाही, पण तो तिरका होऊ देऊ नका. दांड्यावर पाय देऊन उभं राहणं नाही. काम पुढेही करणार असाल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर टॉर्क रेंच बघा, नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गॅरेजमध्ये शेवटचं आवळणं करून घ्या.

क्रम: सीट ठेवण्याआधी कार्पेटची कड कापायची नाही, नुसती मागे दुमडून पायाची जागा उघडी करा. चारही बोल्ट हाताने तीन-चार आटे जाऊ द्या. एकही बोल्ट हाताने जात नसेल तर सीट हलवून भोक जुळवा, रॅचेटने जबरदस्ती नको. एक बोल्ट आधीच आवळला की उरलेल्यांची भोकं जुळत नाहीत. चारही हलके टेकवा, सीट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा म्हणजे दोन्ही रेल आपोआप समांतर होतात, आणि मग पूर्ण आवळा.

नेरुळ_पूर्व

कार्पेट उघडलंच आहे तर खाली हात फिरवा. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने ओले पाय, त्यामुळे फोम आतून ओला राहतो आणि वरून कोरडा भासतो. पायाच्या आजूबाजूच्या पत्र्यावर नुसता तांबूस थर असेल तर घासून प्रायमर-रंग लावा. स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा दबला किंवा बोल्टच्या भोकापासून चीर निघालेली दिसली तर ती सीट वापरूच नका, आधी पत्र्याचं काम. फोम ओला असेल तर दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवा, मगच झाका. पाणी कुठून येतं तेही शोधा: एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, किंवा गाडी झाडाखाली उभी असेल तर काचेखालच्या जाळीत पानं अडकलेली असतात.

कोलशेतकर

काम झालं. टेपने मोजलं तर दोन्ही रेलच्या मापात साधारण पाच मिलीमीटरचा फरक निघाला, म्हणजे अर्धी खाच. सारख्या केल्या, दोन्ही खटके वाजले. कार्पेटची कड पायाखालून काढली, पत्रा चांगला आहे. काट्याने आवळलं. एअरबॅगचा दिवा लागून नेहमीसारखा विझला. बैठक आता हलत नाही. फक्त पाठीचं वरचं टोक धरून हलवलं तर किंचित हलतं. तेही काढावं लागेल का?

पाना_चौदा

छान केलंत. रिक्लायनरच्या दातांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेलीच असते. खाली नखाएवढी असली तरी हेडरेस्टपाशी ती चांगली जाणवते, कारण तिथे अंतर वाढतं. बाजूच्या सीटची पाठ तशीच हलवून बघा. दोन्ही सारख्या हलत असतील तर सोडून द्या. ड्रायव्हरची जास्त हलत असेल तर आधी पाठ आणि रिक्लायनर जोडणारे बोल्ट तपासा, बाजूचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की दिसतात. ते घट्ट असूनही हलत असेल, किंवा पाठ एखादी खाच सोडून मागे पडत असेल, तर रिक्लायनर अख्खा बदलायचा. आतली स्प्रिंग ताणलेली असते, तो खोलू नका. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणायचा असेल तर अपघातातल्या गाडीचा नको.

आठ-दहा दिवसांनी तोच काटा २५ सेंटीमीटरवर अडकवून चारही बोल्ट पुन्हा बघा. १६ किलोच्या आत एखादा फिरला तर पायाखाली अजून काहीतरी मऊ राहिलं आहे. आणि आता रोज सीट पुढे-मागे केलीत की दांडा सोडून टाचांनी एकदा मागे रेटा, मगच किल्ली फिरवा.